तिसऱ्या प्लगची वायर

दादा मला आता ओळखत नाही. त्याच्या जुन्या गाडीचा आवाज मात्र ओळखतो. रविवारी वृद्धाश्रमाच्या आवारात गाडी वळवली की तो वरच्या खिडकीत येतो आणि काचेला हात टेकवून उभा राहतो. इंजिन बंद केलं की आत जातो, म्हणून मी ते जरा वेळ चालूच ठेवते. वर गेल्यावर तो मला "बसा ना" म्हणतो, चहाचं विचारतो. आमची खरी भेट खिडकीतलीच.

त्या रविवारी तो खिडकीत आला नाही. गाडी वाटेतच अडखळायला लागली होती, आवारात शिरताना तर खोकत होती. सिस्टर म्हणाली, "ऐकलं त्यांनी. 'कुणाचा खटारा आलाय?' म्हणाले आणि कूस बदलून झोपले."

घरी येऊन बॉनेट उघडलं. इंजिनातला धूर बाहेर नेणारे वळणदार पाइप दादाने हौसेने स्वतः बसवलेले. ते भयंकर तापतात. तिसऱ्या प्लगची वायर त्यांच्यावर पडून वितळली होती. ठिणगी प्लगपर्यंत न पोचता मधेच पाइपावर उडत होती.

गॅरेजवाल्याला पटेना. "ताई, परवा तर नव्या वायरी टाकल्या! पट्ट्या मारून कशी छान वेणी घातली होती."

"प्लास्टिकच्या पट्ट्यांची वेणी. पाइप तापले, पट्ट्या वितळल्या, वेणी सुटली."

तो डोकं खाजवत हसला. "आधी कशाही लोंबत होत्या हो. म्हटलं, ताईंची गाडी, जरा नीटनेटकी करून द्यावी."

"लोंबत नव्हत्या. दादाने त्या मुद्दाम लांबून फिरवल्या होत्या."

"बरं, मग वायरींवर काचधाग्याची नळी चढवतो. पाइपाला टेकली तरी बिनघोर."

"टेकायलाच नको. नळीमुळे उष्णता उशिरा पोचते, पण पोचतेच. आधी अंतर, मग नळी."

"कॉलेजात शिकवत होता ना तुम्ही? पोरं टरकत असतील."

"झोपायची," मी म्हणाले.

मग त्याने पत्र्याचे आकडे वाकवले आणि इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या बोल्टांत बसवले. प्रत्येक वायर वेगळी, पाइपांपासून वीतभर दूर नेली. प्लगपाशी त्यांना पाइपांजवळ यावंच लागतं, तेवढ्या भागावर नळी चढवली. मी इंजिन तापू दिलं, मग एक्सलरेटर दाबून त्याला हिसके दिले. इंजिन हलतं तेव्हा वायरी झुलून पाइपांकडे जातात का, ते त्याने वाकून पाहिलं. एक जात होती. तिचा आकडा त्याने कुरकुर न करता पुन्हा वाकवला.

पुढच्या रविवारी दादा खिडकीत आला. मी इंजिन बंद केलं, तो आत वळला. मला वाटलं, झालं. पण थोड्या वेळाने सिस्टरचा हात धरून तो जिन्यावरून खाली आला. "ऐकतच नाहीत," ती धापा टाकत म्हणाली.

"बॉनेट उघडा," दादा मला म्हणाला.

मी उघडलं. त्याने पाइपांवर तळहात धरला, न टेकवता. मग एकेका वायरीवरून नजर फिरवली.

"कुणी केलं हे?"

"गॅरेजवाल्याने. मी सांगितलं तसं."

"चांगलं केलंय." तो पुन्हा वायरींकडे वाकला. "माझ्या धाकट्या बहिणीला दाखवायला हवं. तिला यातलं कळतं. कुठं असते कोण जाणे. हल्ली येत नाही."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"दाखवीन तिला," मी म्हणाले.

"एकदा चालू करा बघू."

मी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन एका लयीत चालू लागलं. दादा नक्कीच त्यावर वाकून ऐकत असणार. उघड्या बॉनेटच्या आड मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.