अर्ध्यावर सोडलेलं डोकं

नयनचा उजवा हात वर गेला आणि घनश्यामची कात्री होती तिथंच थांबली.

डोक्याची डावी बाजू झकास कापून झाली होती. उजव्या बाजूला मात्र कित्येक महिन्यांचं रान कानावर लोंबत होतं. घनश्यामनं कात्री फळीवर ठेवली, शेजारी कंगवा ठेवला आणि दोन्ही रिकामे तळवे आरशातून पोराला दाखवले. नऊ वर्षांचा नयन खुर्चीवरून उतरला आणि भिंतीला पाठ लावून पुढंमागं झुलत उभा राहिला. हात अजून वरच होता.

"आज बस झालं," घनश्याम म्हणाला.

"कायचं बस झालं?" दाराशी उभा असलेला नयनचा बाप, संघदीप, पुढं सरसावला. "उद्या माह्या भावाचं लगन हाये, घनशामभाऊ! सारे पाव्हणे येऊन राह्यले. असं अर्धं डोकं घेऊन मांडवात बसवू का त्याले? मी पकडतो, तुम्ही चालवा कात्री. पाच मिनिटाचं तं काम हाये."

काम पाच मिनिटांचंच होतं, ते घनश्यामलाही दिसत होतं. आर्णीत दुकान टाकल्याला एकतीस वर्षं झाली, पण त्याच्या खुर्चीवरून कुणी अर्धवट उठलं नव्हतं. लाइट गेली तर मेणबत्ती लावून तो काम पुरं करायचा. एकदा गिऱ्हाइकाला बसल्या जागी मयतीचा निरोप आला, तर रडत्या माणसाचीही दुसरी बाजू जुळवून देऊनच त्यानं त्याला सोडलं. कानापुढचा कल्ला वाकडा दिसला की त्याला जेवण जात नसे, मग तो स्वतःच्या हातचा असो की दुसऱ्याच्या.

पण पकडून कापणं म्हणजे काय, हेही त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीवर चौघांनी नयनला धरलं होतं. पोरगं किंचाळत होतं, एकानं त्याचं डोकं खाली दाबलं होतं आणि घनश्याम, "एक मिनिट, बेटा, झालंच," असं म्हणत वस्तरा चालवत होता. नयन उसळला. वस्तरा मानेत घुसला, तीन टाके पडले. त्याच झटापटीत नयननं घनश्यामच्या मनगटाचा असा चावा घेतला की दातांचे डाग अजून गेले नव्हते.

तेव्हापासून दुकानाची पाटी दिसली की नयन रस्त्यावर बसकण मारायचा आणि कपाळ डांबरावर आपटायचा. त्याची आई दीपमाला बाजाराला मागच्या गल्लीतून जाऊ लागली. केस ती पोर झोपलं की कापायची, जमतील तसे. एका दुपारी त्या गल्लीत खोदकाम निघालं म्हणून तिला दुकानासमोरून यावं लागलं. पोराच्या कपाळातून रक्त आलेलं घनश्यामनं दुकानात बसून पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. चूक नयनची नव्हती, ती आपल्या हातानं झाली होती.

विमलताई यवतमाळहून आठवड्यातून एकदा नयनच्या शाळेत यायच्या. स्वमग्न मुलांना शिकवणं हेच त्यांचं काम. घनश्याम त्यांना बस स्टँडवर गाठायला गेला.

"ताई, हे माह्या हातानं बिघडलं. माह्याच हातानं सुधरू द्या."

"वेळ लागेल," ताई म्हणाल्या. "वर्षही लागेल."

"सोमवारी माहं दुकान बंदच राह्यते. सोमवार त्याचा."

मग सोमवार सुरू झाले. पहिला महिना तर नयन समोरच्या पानठेल्यापर्यंतच आला. ताईंनी आधी एकच गोष्ट शोधायला सांगितली, या पोराला दुकानातलं काय आवडतं? ते सापडलं पाण्याच्या फवाऱ्याच्या बाटलीत. आरशावर थेंब उडाले की नयन त्यांच्याकडे असा टक लावून बघायचा की जगात दुसरं काही नाहीच. मग ठरलं, एक पायरी पुढं आला की दहा फवारे. उंबरठा, मग खुर्चीला हात, मग खुर्चीत बसणं, मग अंगावर कापड.

घनश्यामनं इथंही घोळ घातलाच. नयन ओरडला की त्याचा जीव खालीवर व्हायचा आणि तो लगेच बाटली हातात द्यायचा. तीन सोमवारांत नयन दारातूनच ओरडत येऊ लागला.

"भाऊ, तुम्ही त्याला ओरडायचा पगार देताय," ताई हसून म्हणाल्या. घनश्यामनं कान पकडले.

आणखी एक गोष्ट त्याला भारी जड गेली, ती म्हणजे गप्प बसणं. सोयाबीनच्या भावापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत तयार, तो माणूस सोमवारी रेडिओ बंद, पंखा बंद, तोंड बंद करून उभा राहू लागला. त्याच्या बायकोला ही बातमी कळली तेव्हा ती म्हणाली, "तेवढं घरी बी शिकवा म्हना त्या ताईले."

शेवटी ताईंनी नयनला हात वर करायला शिकवलं. हात वर म्हणजे थांबा.

"आता नीट ऐका," त्या घनश्यामला म्हणाल्या होत्या. "हात वर गेला की थांबायचं. दर वेळी. तुम्ही एकदा जरी थांबला नाहीत, तर त्याच्याकडे पुन्हा दातच उरतील."

आणि आज लग्नाच्या आदल्या दिवशी तो हात वर होता.

"भाऊ, हात जोडतो," संघदीपचा आवाज पडला. "लोक हासतीन त्याले. बाप हाये मी."

घनश्यामचा हात कात्रीकडं गेला. खोटं कशाला सांगायचं, गेलाच. त्याला लग्नाचा मांडव दिसला, फोटो काढणारा दिसला आणि ते अर्धं डोकं. मग आरशात नयन दिसला. त्याची नजर कात्रीवर खिळली होती आणि वर धरलेला हात त्यानं खाली घेतला नव्हता.

घनश्यामनं कात्री उचलली आणि खणात टाकून खण लावला.

"मी त्याले जबान देली हाये, संघदीप."

"तो बोलत नाही, त्याले कायची जबान?"

"म्हनूनच तं."

बाकावरून दीपमाला उठली. तिनं कापडावरचे केस झटकले. "चाला जी," ती नवऱ्याला म्हणाली. "अर्धं तं अर्धं. रडत तं नाही जाऊन राह्यला."

लग्नात संघदीपनं पोराला टोपी घातली, ती नयननं घातल्या घातल्या काढून टाकली. मांडवभर पाहुण्यांनी ते डोकं पाहिलं. बुधवारपासून दुकानात येईल तो विचारू लागला, "काहून भाऊ, कात्री मोडली काय?"

"मीच कापले ते," घनश्याम सांगायचा आणि कामाला लागायचा. मस्करीचं त्याला काही नव्हतं. नयन पुन्हा येईल की नाही, या एकाच विचारानं त्याला घेरलं होतं. आठ महिन्यांची मेहनत त्या एका सकाळी तरली की बुडाली, हे सोमवारीच कळणार होतं.

सोमवारी नऊ वाजता त्यानं शटर अर्धं वर केलं आणि बाकावर बसला. दहा वाजून गेले. अकरा झाले. त्यानं आरसा दोनदा पुसला. आता शटर ओढावं असं मनात आलं, तेवढ्यात रस्त्यावरून दीपमालाचा आवाज आला, "अरे हळू, पडशीन ना!"

नयन तिला हाताला धरून ओढत होता. वाकून आत आला आणि कुणी न सांगता खुर्चीत बसला.

घनश्यामनं कापड बांधलं, कात्री आरशात दाखवली. दोनदा कात्री चालली आणि हात वर गेला. घनश्याम थांबला. हात खाली आला. पुन्हा दोनदा, पुन्हा हात. पोरगं त्याला पारखून घेत होतं, गिऱ्हाईक भाजी पारखतं तसं. घनश्याम अकरा वेळा थांबला. उजवी बाजू व्हायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात तो अवाक्षर बोलला नाही.

राहिली होती फक्त मान. टाके पडल्यापासून तिथं आईलाही हात लावू देत नव्हता नयन. आज नको, पुढच्या सोमवारी बघू, असं मनाशी म्हणत घनश्याम कापडाची गाठ सोडायला लागला.

तेव्हा नयननं डोकं पुढं झुकवलं. हनुवटी छातीला टेकवली आणि तसाच बसून राहिला. वाढलेल्या केसांतून तीन टाक्यांचा पांढरट वण दिसत होता.

एकतीस वर्षांत घनश्यामपुढं हजारो माना अशा झुकल्या होत्या. एकीचंही त्याला कधी अप्रूप वाटलं नव्हतं.

त्यानं गाठ तशीच राहू दिली. हात थरथरत होते. टॉवेलाला ते पुसून तो थरथर थांबायची वाट पाहत उभा राहिला, आणि तोवर नयननं मान वर केली नाही.