हिरड्याची फांदी

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, द्रौपदाचे हात मात्र मांडीवरच होते. घोडेगावच्या त्या प्रदर्शनात तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं, खांद्यावर शाल घातली होती. समोर पहिल्या नंबराचा फोटो, दाराएवढा. आहुप्याच्या देवराईतली शेकरू घरट्याच्या तोंडाशी बसलेली, पोटाशी पिल्लू. अंगावर पिवळंधमक ऊन.

त्या घरट्यावर ऊन कधीच पडत नसे.

साठ वर्षं द्रौपदा ती जागा बघत आली होती. कड्याच्या दगडावर कसं बसायचं ते आजोबांनी शिकवलं होतं. राईत शिरण्याआधी वहाणा बाहेर काढायच्या, आणि डास चावला तरी हात हलवायचा नाही. दगडाला लागून हिरडा, त्याची एक आडवी फांदी घरट्यावर सावली धरून पुढे गेलेली. हा फोटो काढणाऱ्या रुपेशला त्या दगडावर तिनेच नेलं. तीन दिवस दोघं बसले.

"आजी, ही फांदी मधी येते ओ," तो कुरकुरायचा.

"येऊ दे. ती तिची जायची वाट हाय. कवातरी अलीकडं येऊन बसंल, तवा काढ."

चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि तो एकटाच गेला. त्यानंतर महिनाभर ती इथेच, घोडेगावात लेकीकडे पडून होती.

माईकवर रुपेश सांगत होता, "ह्या कामात संयम लागतो. आणि नंतर अगदी हलक्या हाताचं एडिटिंग. मधे एक फांदी होती, ती मी कॉम्प्युटरवर पुसली. बाकी सगळं निसर्गाचं."

द्रौपदा उठली. "फांदी पुसली. मग तिची सावली कुठं गेली?"

"तीपण पुसली, आजी. तुमच्या सुरकुत्यासुद्धा पुसून देतो, या स्टुडिओत."

हॉल हसला. आयोजक नानासाहेबही हसले. द्रौपदाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण ती खाली बसली. कॉम्प्युटरला सावली पुसता येत असेलही, तिला काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती नातीला, आरोहीला घेऊन आहुप्याला गेली. वहाणा काढून दगडावर चढली, आणि तिथेच थिजली. फांदी बुडापासून तोडलेली होती. कोयत्याचे दोन घाव होते. खाली करवंदीच्या जाळीत ती वाळून पडली होती, पानं तांबडी झालेली. समोरचं घरटं विस्कटलेलं. शेकरूनेच ते सोडलं, का उघड्यावरचं पिल्लू गरुडाने उचललं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

फांदी उचलून त्याच्या तोंडावर नेऊन फेकावी असं तिला वाटलं. तिने हात घातलासुद्धा, आणि मागे घेतला. राईतली वाळकी काडीही कोणी बाहेर नेत नाही. आजवर कोणी नेली नव्हती, आणि त्याच्यासारख्यासाठी ती नेणार नव्हती.

"आरोही, ह्या घावांचा फोटो काढ."

"लई अंधार आलाय आजी. जरा उजळ करू?"

"हात लावू नको. हाय तसा ऱ्हाऊ दे."

दुपारी ती परत हॉलमध्ये हजर. नानासाहेबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"असला काळा फोटो कुठल्याही झाडाचा असंल," रुपेश म्हणाला.

"द्रौपदाबाई, फांदीच आणली असती, तर..."

"राईची काडी मी आणत न्हाई. तुमी चला. पायताण काढून बघा."

"आत्ता? पावणे यायचेत फोटो बघायला."

"मग त्यास्नी बी घ्या." तिचा आवाज चढला नाही. "त्याला वाट मी दावली. माझ्याबी तोंडाला काळं लागलंय."

तिने खांद्यावरची कालची सत्काराची शाल काढली आणि टाचा उंचावून फोटोवर टाकली. शेकरू झाकली, ऊन झाकलं. मग खुर्ची ओढून ती फोटोखाली बसली. "ह्याच्यासंगं तीन दिवस बसले व्हते. अजून बसते."

आहुप्याची चारची एसटी निघून गेली. पाहुणे आले, शालीकडे बघून कुजबुजू लागले. रुपेशने शालीला हात घातला.

"राहू दे ती," नानासाहेब म्हणाले. "गाडी काढायला सांगा. रुपेश, तूही चल."

"मला जरा काम होतं..."

द्रौपदा उठली. "चल की. दगडाची वाट तुला ठाऊक हाय. म्होरं हो."