अडीचशे पोत्यांचा एक तास

सुदानातलं हशाबा हे गाव फौजेच्या हातात राहिलं, तर तिथल्या गोदामातली पाचशे पोती डिंक इद्रीस परकारला शाबूत मिळणार होता. हशाबा पडलं, तर शुक्रवारी तिथून बाहेर काढायच्या साडेसातशे पोत्यांचा भाव आभाळाला भिडणार होता. म्हणजे त्या यादवीत कुणीही जिंको, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात बसलेला हा हर्णैचा माणूस हरणार नव्हता. अट एकच होती. गोदामाच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेल्या हाजी बशीरनं अजून आठ दिवस गाव सोडायचं नव्हतं. म्हातारा हलला की शेजारपाजारचेच कुलूप फोडतील, हे इद्रीसला कुणी सांगायला नको होतं.

अडचण अशी, की हाजी बशीर हा हम्मादचा बाप. आणि हम्माद म्हणजे इद्रीसच्या पेढीचा डावा-उजवा, दोन्ही हात. अठरा वर्षं शारजाचं गोदाम सांभाळत होता. पोत्यात हात घालून डिंक कोणत्या टेकडीवरचा ते सांगायचा. त्याची बायको यम्ना आणि सात वर्षांची मुलगी तस्नीम म्हाताऱ्याजवळच राहत होत्या.

डिंक म्हटलं की आपल्याला बाळंतिणीचे लाडू आठवतात. पण थंड पेयांना, औषधांच्या गोळ्यांना, शाईला, सगळ्यांना तो लागतो. लढाई सुरू झाल्यापासून इद्रीसची गिऱ्हाईकं फोनवर आधी सलाम करत आणि मग भाव विचारत. पूर्वी उलटं होतं.

बुधवारी दुपारी हम्माद केबिनमध्ये आला आणि उभाच राहिला.

"इद्रीसभाई, शुक्रवार को तीन ट्रक निकल रहे हैं. एक में थोडी जगह रखो. बाबा, यम्ना, बच्ची. बस तीन आदमी."

"बैठ तो पहिले," इद्रीस म्हणाला. मग त्यानं मोबाइल पुढे केला. हशाबा ते बंदर, ट्रकच्या भाड्याचे तीन महिन्यांचे आकडे त्यानं तारीखवार लिहून ठेवले होते. "ये देख. दो हफ्ते पहिले भाडा डबल था. क्यूं? सब डरे हुए थे. अभी आधे से भी नीचे आया. ड्रायव्हर लोक झूठ नहीं बोलते, हबीबी. टीव्ही बोलता है, जनरल बोलता है. भाडा नहीं बोलता."

हम्माद आकड्यांकडे बघत राहिला. लढाईचा अंदाज इद्रीस असाच बांधायचा आणि तो आजवर चुकला नव्हता. कोणता रस्ता बंद होणार, कोणतं नाकं सरकणार, हे त्यानं भाड्यावरून बातम्यांच्या आधी चार-चारदा सांगितलं होतं. बाजारातले सुदानी व्यापारीसुद्धा त्याला विचारायला येत. माणसाचं एकदा खरं ठरलं की त्याला स्वतःचंच ऐकू यायला लागतं, तसं इद्रीसचं झालं होतं.

"अगले हफ्ते और दो ट्रक भेजता हूं," तो म्हणाला. "बचा हुआ माल और तेरे लोग, साथ में. आरामसे, सीट पर बैठके आएंगे. अभी पोतों के ऊपर बैठके क्यूं आना? बच्ची है साथ में."

यात खोटं काहीच नव्हतं. आठ दिवसांचा फायदा कुणाचा, तेवढं वाक्य फक्त राहून गेलं होतं.

"इन्शाल्ला," हम्माद म्हणाला आणि पोती मोजायला गेला.

शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज झाल्यावर हम्माद जेवायला इद्रीसच्या घरी यायचा. इद्रीसच्या बायकोनं, अन्वरीनं, सुरमई तळली होती, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्यांची अकरावीतली मुलगी हिबा मोबाइलमध्ये डोकं घालून टेबलाच्या टोकाला बसली होती. ट्रक सकाळीच हशाब्याहून सुटले होते. मघाशी ड्रायव्हरचा निरोप आला होता: तिन्ही गाड्या पूल ओलांडून पलीकडच्या टपरीवर चहाला थांबल्यात. हशाब्यापासून बंदराकडे जाणारा रस्ता एकच आणि त्यावर पावसाळी नदीचा पूल एकच. पूल ओलांडला म्हणजे माल सुटला. इद्रीसनं दुसरी भाकरी घेतली.

"भाडं एवढं कसं उतरलं हो?" अन्वरीनं विचारलं. ती दापोलीची, मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. घरात ती मराठीच बोलायची आणि हम्मादची हिंदी बाजारापुरती, भरभर बोललेलं मराठी त्याला कळत नव्हतं.

"शांत झालंय तिकडे."

"शांत झालं तर लोक माल भरायला धावतात. भाडं चढतं." तिनं हम्मादच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली, त्याच्याकडे बघून हसली आणि त्याच सुरात पुढे बोलली, "हर्णैला टेम्पोचं भाडं कधी पडायचं, आठवतंय ना? बंदरात मासळीच नसली की. न्यायलाच काही उरलं नाही, म्हणून नसेल ना उतरलं?"

इद्रीसचा हात भाकरीवरच थांबला.

भाडं दोन कारणांनी उतरतं, हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं त्यानं धरलं होतं. तो उठला, बाल्कनीच्या दाराशी गेला आणि बंदरावरच्या भाड्याच्या दलालाला फोन लावला. अरबीत दोनच प्रश्न विचारले. दोन आठवड्यांपूर्वी भाडं डबल असताना हशाब्याहून काय माल आला? आणि कुणाचा?

दलाल हसला. माल कसला, म्हणाला. पलंग, फ्रिज, गाद्या, झुंबरं. छावणीतल्या साहेबांची बिऱ्हाडं.

इद्रीस परत येऊन बसला. घड्याळात सव्वादोन झाले होते, तिकडे सव्वाबारा.

"फौज गाव सोडणार," तो अन्वरीला मराठीत म्हणाला, आवाज अगदी हवापाण्याच्या गप्पांचा ठेवून. "गाव राखता येणार नाही, पूल राखता येईल, असा हिशेब केलाय त्यांच्या ब्रिगेडियरनं. बायकापोरं आधीच काढलीत. आज ना उद्या सगळे पुलापलीकडे येऊन बसतील."

"आणि याची माणसं?"

"बघतो."

"काय बघता? गाड्या पुलावरच आहेत ना? एक फिरवा."

"भरलेली आहे, अन्वरी. अडीचशे पोती. अडीच लाख दिरहम, म्हणजे साठ लाख झाले. रस्त्यावर ओतू?"

"सब ठीक, भाभी?" हम्मादनं विचारलं. यम्नाचा फोन सकाळपासून लागत नव्हता, पण तिथे तो नेहमीच लागत नसे.

"ठीक, ठीक. आप खाओ," अन्वरी म्हणाली आणि तिचा चेहरा बघवेना.

इद्रीसनं ड्रायव्हरला फोन लावला. 'गाडी फिरव' हे दोन शब्द त्याच्या तोंडात होते. तोंडून निघालं ते वेगळंच: टपरीच्या आसपास एखादं गोदाम आहे का? ड्रायव्हर म्हणाला, विचारून सांगतो. दहा मिनिटं गेली. गोदाम नव्हतं. शाळा होती, मास्तर नमाजाला गेला होता. आणखी पंधरा मिनिटं गेली. मास्तर आला, म्हणाला शाळेत निर्वासित आहेत. मग इद्रीसनं विचारलं, तिन्ही गाड्यांचा माल दोन गाड्यांत बसेल का? ड्रायव्हर म्हणाला, शंभर पोती बसतील, दीडशे राहतील. दीडशेवर ताडपत्री टाकायला कुणी मिळेल का? विचारून सांगतो.

इद्रीस चालढकल करत होता असं नाही. तो माणसंही वाचवायला बघत होता आणि पोतीही. आधी काय आणि मग काय, एवढाच प्रश्न होता. आणि तो प्रश्न त्यानं स्वतःला स्वच्छ शब्दांत विचारलाच नाही. ज्याला व्यवहार कळतो तो असं काही स्वच्छ शब्दांत कधीच विचारत नाही, उत्तर द्यावं लागतं म्हणून.

हम्माद हात धुऊन आला. फोनवरच्या अरबीतलं 'गोदाम', 'ताडपत्री', 'पोती' त्याच्या कानावर येत होतं. मालाचंच काहीतरी असणार, म्हणून तो अदबीनं लांब सोफ्यावर बसला.

"तीन वाजले," अन्वरी म्हणाली.

"दिसतंय मला."

"तुमच्या पोत्यांना कोण मारायला येत नाहीये तिथे."

"हळू बोल."

"कशाला? त्याला कुठे कळतंय." ती ताटं गोळा करत होती. "इथे बसून माझ्या हातचं खाल्लं त्यानं. त्याच्यासमोर त्याच्या बापाचा सौदा चाललाय आणि तो मला 'भाभी, मछली बहुत अच्छी' म्हणतोय."

हिबानं मोबाइल टेबलावर ठेवला. आईबापाचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र ती नेहमी इंग्रजीतच द्यायची.

"पप्पा, व्हाय कान्ट यू जस्ट टर्न वन ट्रक बॅक? द आर्मी इज लीव्हिंग, यू सेड. हिज फॅमिली इज स्टिल देअर."

इंग्रजी हम्मादला येत होतं.

तो उभा राहिला. इद्रीसकडे नाही, हिबाकडेच बघत राहिला, जणू ती आणखी काही बोलेल.

"वही तो कर रहा हूं," इद्रीस म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोठा झाला. "कब से फोन पे वही कर रहा हूं." आणि त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, खलास, पोती उतरव, रस्त्याच्या कडेला टाक, गाडी फिरव. यल्ला. घड्याळात सव्वातीन झाले होते.

पोती उतरवायला वीस मिनिटं लागली. रिकामी गाडी पुलाच्या तोंडाशी पोचली तेव्हा शारजात पावणेचार वाजले होते. साडेतीनला, म्हणजे बरोबर पंधरा मिनिटांपूर्वी, फौजेनं पूल हशाब्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बंद केला होता. पलीकडून फौजेच्या गाड्यांची रांग यायला लागली होती. येणाऱ्यांना सूर्यास्तापर्यंत वाट होती, जाणाऱ्याला नव्हती. ड्रायव्हर चांगला माणूस होता. त्यानं पाया पडून बघितलं, पैसे देऊन बघितले, मग शिपायानं बंदुकीचा दस्ता दाखवला तेव्हा गाडी बाजूला घेतली. हशाबा तिथून तासाभराच्या वाटेवर होतं. हाच हुकूम सव्वादोनला दिला असता तर गाडी पंचेचाळीस मिनिटं आधीच पूल ओलांडून गेली असती आणि तिघांना घेऊन सूर्यास्ताच्या खूप आधी परतली असती. हे गणित इद्रीस आणि अन्वरी, दोघांनाही येत होतं.

हम्माद पुढे आला. त्यानं इद्रीसचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं.

"ढाई सौ पोते रास्ते पे डाल दिए, भाई," तो म्हणाला. "मेरे लिए. कौन करता है आज के जमाने में?"

अन्वरी स्वयंपाकघरात निघून गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

हशाबा शनिवारी पहाटे पडलं. पडलं म्हणजे काय, उघडंच होतं. समोरच्यांच्या कमांडरला त्याच दिवशी पुलावर चालून जाता आलं असतं. फौजेचे खंदकही खणून झाले नव्हते. पण त्यानं आपल्या लोकांना दोन दिवस गावात मोकळं सोडलं. बक्षिशी म्हणा. तिसऱ्या दिवशी ते पुलाशी आले तेव्हा तोफा लागल्या होत्या. तीन महिने ते त्या पुलावर डोकं आपटत राहिले आणि मग थकून मागे सरले. फौज त्यांच्या पाठोपाठ उतरली आणि त्या मुलखातली लढाई फिरली. अरबी वाहिन्यांवर जाणकार नकाशावर बाण काढून सांगत, की गाव सोडून पूल धरण्याचा निर्णय हाच खरा विजय होता. ते चुकीचं नव्हतं. त्यांच्या नकाशावर हशाबा एक ठिपका होता आणि ठिपक्यात माणसं मावत नाहीत.

यम्नाचा फोन अकराव्या दिवशी आला, परक्या नंबरावरून. तस्नीमला पाठीला बांधून ती रात्री चालत, दिवसा बाभळीच्या राईत लपत, नदीच्या खालच्या उतारानं पलीकडे आली होती. शुक्रवारी दुपारी शेजाऱ्यांनी गाढवगाडीत जागा दिली होती. पण हाजी बशीर निघाला नाही. मुलाच्या मालकाची पाचशे पोती आहेत, पुढच्या आठवड्यात गाड्या येणार आहेत, शब्द दिलाय, म्हणाला. त्याला सोडून जायचं नाही म्हणून ती थांबली. लुटारू आले तेव्हा त्यानं किल्ल्या दिल्या नाहीत. यम्नानं मागच्या भिंतीवरून उडी मारली, म्हणून ती बोलायला उरली.

हम्मादनं हे सगळं गोदामात उभ्यानं ऐकलं आणि इद्रीसला सांगितलं. त्यात त्याला कुठेही इद्रीसचा दोष दिसला नाही. "आपने तो गाडी वापस भेजी थी," तो पुन्हा म्हणाला. इद्रीसनं मान हलवली. सांगायची हीच वेळ होती आणि ती त्यानं जाऊ दिली.

हिशेब पुरा झाला तो असा. ब्रिगेडियरला बढती मिळाली. दोन दिवस लूट करणाऱ्या कमांडरला त्याच्याच लोकांनी काढून टाकलं, पण लुटीतला वाटा त्याच्याकडेच राहिला. रस्त्याकडेला टाकलेली अडीचशे पोती पुलाच्या सुरक्षित बाजूलाच होती, ती सगळीच्या सगळी मिळाली. साडेसातशे पोत्यांचा भाव दुपटीवर गेला आणि गोदामातल्या पाचशेचं नुकसान त्यात भरून वर उरलं. अन्वरी नवऱ्याशी बोलते, पण हम्माद जेवायला येणार असला की आता ती घरी नसते. आणि दुसऱ्याच्या मालाची, दुसऱ्याच्या शब्दाची आणि एका तासाची सगळी किंमत हशाब्यातल्या गोदामाच्या उंबऱ्यावर हाजी बशीरनं भरली, ज्याचं त्यात एकही पोतं नव्हतं.