हिरव्या सहीच्या चोवीस पिशव्या

आमच्या विभागाचं स्काउट पत्रक कोणीही वाचत नाही, असं मी गेली सतरा वर्षं छातीठोकपणे सांगत आले आहे. सांगायचा हक्क मला आहे, कारण ते पत्रक मीच काढते. एक मोठा कागद, मधोमध दुमडलेला, चार पानं. पहिल्या पानावर पदाधिकाऱ्यांच्या बातम्या, दुसऱ्यावर शिबिरांचे वृत्तांत, तिसऱ्यावर सूचना आणि चौथ्यावर दोराच्या गाठींची चित्रं. एकदा वैतागून मी एका वृत्तांतात मुद्दाम लिहिलं, ‘जेवणानंतर सर्व मुलांनी तळे पिऊन टाकले.’ चोवीस पथकांपैकी एकाचंही पत्र आलं नाही. त्या दिवशी माझं मत कायमचं पक्कं झालं.

पण या महिन्याच्या अंकाची गोष्ट वेगळी होती. अकरा वर्षं विभागप्रमुख असलेले दातांचे डॉक्टर पायउतार होणार होते आणि त्यांच्या जागी कार्यकारिणीने निवडलं होतं माझ्या धाकट्या जावेला. आजवर या खुर्चीत दोन मुख्याध्यापक, एक न्यायाधीश आणि हे डॉक्टर बसले. माझी जाऊ नऊ नंबरची बस चालवते. बस डेपोच्या मागच्या अंगणात तिने चोवीस नंबरचं पथक उभं केलं, ड्रायव्हर, मेकॅनिक आणि कॅन्टीनवाल्यांच्या पोरापोरींचं. तीन वर्षांत ती पोरं अशी तयार झाली की इतर पथकांचे प्रमुख गुपचूप येऊन बघून जायचे.

आमचे कार्यवाह म्हणजे कलमकाका. भूमापन खात्यातून निवृत्त झालेला सडसडीत माणूस. नियमावलीतली कलमं तोंडपाठ, म्हणून हे नाव. त्यांचा उमेदवार होता एक मुख्याध्यापक, तो दोन मतांनी पडला. कलमकाकांनी आदळआपट केली नाही. त्यांनी शांतपणे नियमावली उघडून अकरावं कलम वाचलं. नव्या प्रमुखाचं नाव पत्रकात छापलं जावं, मावळत्या प्रमुखाने प्रत्येक पथकाच्या प्रतीवर सही करावी आणि ती सहीची प्रत पहिल्या रविवारी झेंड्यासमोर वाचली जावी. एका जरी पथकात वाचन झालं नाही, तर निवड रद्द. पुढची निवड वर्षाने, आणि तोवर कारभार कार्यवाहांकडे.

“एका जरी,” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत पुन्हा वाचलं.

डॉक्टरांनी हिरव्या शाईने चोवीस प्रतींवर सह्या केल्या, प्रत्येकीवर पथकाचा नंबर घातला आणि गुरुवारी संध्याकाळी ते तीन महिन्यांसाठी लेकीकडे परदेशी उडाले. पाचशे प्रतींचे दोन गठ्ठे मी सुतळीने आडवेउभे बांधले, सहीच्या प्रती सगळ्यात वर ठेवल्या. शुक्रवारी सकाळी पावणेसातला गठ्ठे दाराबाहेर काढून ठेवले. साडेसातला धाकटी ड्यूटीवर जाताना ते उचलणार होती. मी चहा टाकायला आत गेले.

साडेसातला बेल वाजली.

“वहिनी, गठ्ठे कुठायत?”

“बाहेर. तुझ्या पायाशी.”

“माझ्या पायाशी पायपुसणं आहे.”

मी बाहेर येऊन पाहिलं. खरंच पायपुसणंच होतं. जिना पाहिला, गच्ची पाहिली, समोरच्या शिंप्याला हाक मारली. शिंपी डोळे चोळत म्हणाला, “सकाळी तुमचीच पोरं आली होती की. गळ्यात स्कार्फ, हातगाडी, आवाज म्हणून नाही. फार गुणी पोरं!”

मग मला आठवलं. तो रद्दी मोहिमेचा शुक्रवार होता. आणि मोहिमेची सूचना गेल्या अंकात कोणी छापली होती? मी. ‘रद्दी सुतळीने आडवीउभी बांधून सकाळी सातपूर्वी दाराबाहेर ठेवावी. स्काउट बेल न वाजवता घेऊन जातील.’ तिसरं पान, तळाशी. पत्रक कोणी वाचत नाही म्हणणाऱ्या बाईच्या स्वतःच्याच लक्षात नव्हतं.

धाकटी घड्याळाकडे बघत म्हणाली, “मला गाडी काढायलाच हवी, लोक स्टॉपवर उभे असतील. दोनला सुटते. तोवर तुम्ही रद्दी गोळा होते त्या सभागृहात जा. आणि वहिनी, पोरांवर ओरडू नका.”

“मी कधी ओरडते?”

ती जिना उतरलीसुद्धा होती. बस चालवणाऱ्या माणसाला कधी निघायचं ते कळतं.

वाटेतले रद्दीवाले धुंडाळत सभागृहात पोचायला मला अकरा वाजले, आणि मी मात्र दारातूनच सुरुवात केली. आत जमिनीवर चोवीस नंबरच्या पथकाची पोरं रांगेत बसली होती. मधे खळीचं पातेलं. रद्दीच्या कागदी पिशव्या करून बाजारातल्या दुकानांना वाटायच्या, हा मोहिमेचा दुसरा भाग. तो त्यांनी जवळजवळ संपवला होता.

“माझे गठ्ठे!”

जाड चष्म्याची एक मुलगी उठून उभी राहिली. संघनायिका. पोरं तिला प्रोफेसर म्हणतात. “त्यांच्या पिशव्या झाल्या, काकू. पहिल्याच. दुकानांत वाटूनपण झाल्या.”

“अगं, पण तो नवा अंक होता! दिसलं नाही का?”

“दिसलं ना. पण तुम्हीच लिहिता, ‘शिल्लक प्रती रद्दीत द्याव्यात.’ आम्हाला वाटलं, जास्त छापल्या असतील. वरच्यांवर हिरवी शाई दिसली, पण वाटलं, कुणी पेन तपासलं असेल.” मग तिने एका दमात सगळी सूचना म्हणून दाखवली, सुतळी, सातपूर्वी, बेल न वाजवता, पूर्णविरामासकट.

“तू हे पाठ केलंस?”

“आम्ही दर महिन्याला बाईंसमोर मोठ्याने वाचतो, काकू. अख्खं. त्या तळ्याचंपण वाचलं होतं.”

“कोणत्या तळ्याचं?”

“मुलांनी पिऊन टाकलं ते. बाई म्हणाल्या, काकू थकल्या असतील, कुणी बोलू नका.”

मी पातेल्याशेजारी खालीच बसले. सतरा वर्षांचा राग ज्यांच्यावर होता, ती माणसं या खोलीत तरी नव्हती. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर डोळेही भरून आले. पण रडायला वेळ नव्हता.

“मग पहिलं पान वाचलंत?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रोफेसर हळूच म्हणाली, “वाचलं. पण झेंड्याआधी बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही, असं तुम्हीच लिहिता. म्हणून पहिलं पान आतल्या बाजूला येईल अशा घड्या घातल्या. आणि आम्ही एकमेकांतसुद्धा बोललो नाही.”

म्हणजे हिरव्या सह्या पिशव्यांच्या पोटात होत्या, आणि पिशव्या गावभर.

दोनला धाकटी आली. तिला वाटेतच अंदाज आला असावा, कारण डेपोतून ती बसमार्गांचा मोठा नकाशा काखोटीला मारून आली होती. नकाशा तिने जमिनीवर पसरला. इतर पथकांतली मोठी मुलंही बोलावली. दोन स्टॉपमधला एकेक तुकडा एकेका संघाला दिला.

“नीट ऐका. विचारायचं, हिसकायचं नाही. पिशवीत वाकून बघायच्या आधी परवानगी घ्यायची. सही सापडली की बदली पिशवी द्यायची आणि आभार मानायचे. कशाला हवी म्हणून विचारलं तर?”

“रविवारी सांगतो म्हणायचं!”

“चला.”

पुढचा दीड दिवस आमच्या गावाने काय पाहिलं असेल, देव जाणे. गल्लोगल्ली पोरं लोकांच्या पिशव्यांत डोकं घालत होती. दुकानांतल्या न वापरलेल्या पिशव्यांत पंधरा सह्या मिळाल्या. एक शिंप्याकडे बटणांखाली मिळाली. एक खिळेवाल्याकडे. एका आजींनी आपली पिशवी द्यायला साफ नकार दिला, कारण त्यात मांजरीची पिल्लं झोपली होती. संघातल्या दोघांनी तिथेच तासभर बसून पिल्लं जागी व्हायची वाट पाहिली. मीही एका वळणावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या टोमॅटोंची झडती घेत होते. एक गृहस्थ म्हणाले, “बाई, पोलीस आहात का?” मी म्हटलं, “त्याहून वाईट. संपादक आहे.”

शनिवारी संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा तेवीस पिशव्या हाती होत्या. धाकटीने त्या उलगडून, सपाट करून त्या त्या पथकाला पोचवल्या. चोवीस नंबरची प्रत मिळाली नाही. नेमकी तिच्या स्वतःच्या पथकाची.

“राहू दे वहिनी,” ती म्हणाली. “बस तर आहेच की माझी.”

ती हसून बोलली. पण तिच्या खुंटीवर कोऱ्या गणवेशाचा शर्ट टांगलेला मी पाहिला होता, बाह्यांच्या इस्त्रीच्या घड्यासुद्धा न मोडलेल्या. मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती आणि भोगणार ती होती.

रविवारी सकाळी आठला डेपोच्या अंगणात पथक उभं राहिलं. धुतलेल्या बसगाड्यांमधून पाणी वाहत होतं. धाकटी जुन्याच शर्टात होती. झेंडा वर गेला. सगळे सलाम करून सावधान उभे राहिले, आणि पुढे काय करायचं ते कोणालाच सुचेना.

तेवढ्यात फाटकातून सायकल आली. कलमकाका. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. निवड रद्द झाल्याची नोंद करायला हा माणूस एवढ्या सकाळी जातीने आला! त्यांनी सायकल भिंतीला लावली, पँटला लावलेली क्लिप काढली आणि खिशातून एक कागद बाहेर काढला. इस्त्री केलेला, कडांना खळीचे डाग असलेला. खाली हिरवी सही आणि वर नंबर, चोवीस.

“शुक्रवारी संध्याकाळी आमच्या हिने अंडी आणायला पाठवलं होतं,” ते म्हणाले. “घरी पिशवी रिकामी केली तेव्हा दिसलं.”

“शुक्रवारी!” मी ओरडले. “आणि काल दिवसभर आम्ही गाव पालथं घालत होतो!”

“ठाऊक आहे. काल दिवसभर मी विचारच करत होतो.” त्यांनी माझ्याकडे न बघता धाकटीकडे पाहिलं. “प्रत परत कधी द्यावी, याबद्दल नियमावलीत काही नाही. मी दोनदा बघितलं. मग दुपारी खिडकीतून ही तुमची पोरं दिसली. चाळीसेक पोरं, पण एकाने कुणाला धक्का दिला नाही. शेवटी तुम्ही होतात, एका लहानग्याच्या बुटाची नाडी बांधत. निवड जाणार हे तुम्हाला माहीत होतं, तरी नाडी सावकाश बांधत होतात. माझ्या मुख्याध्यापकांना हे जमलं नसतं, बाई. मी घरात गेलो आणि इस्त्री तापवली.”

धाकटीने कागद हातात घेतला. रहदारीत भोंग्याच्या वरताण आवाज काढणारी ही बाई, पण स्वतःचंच नाव मोठ्याने वाचणं तिला जमणार नव्हतं. तिने कागद कलमकाकांच्याच हाती परत दिला.

काका वाचू लागले. डॉक्टरांचे आभार झाले, अकरा वर्षांचा आढावा झाला. “आणि यापुढे विभागप्रमुख म्हणून...” ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, उन्हाकडे धरला. नेमक्या त्या ओळीवर अंडं फुटलं होतं आणि इस्त्रीने ते पक्कं बसलं होतं. “पुढचं वाचता येत नाही,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज घाबरल्यासारखा वाटला. “वाचल्याशिवाय...”

“काका,” रांगेतून प्रोफेसर म्हणाली, “झेंडा झाला ना? आता बोललं तर चालेल?”

काकांनी झेंड्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

दोन दिवस दाबून ठेवलेला आवाज होता तो. तीस पोरांनी एकदम, मी लिहिलेली ओळ शब्दन् शब्द म्हटली, माझ्या जावेचं नाव, तिची नऊ नंबरची बस, आणि ‘ही निवड या विभागाला फार पूर्वीच करता आली असती’ हे माझं आगाऊ वाक्यसुद्धा. वर्कशॉपमधले मेकॅनिक हातातले पाने घेऊन बाहेर आले. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी कलमकाकांकडे पाहिलं. “हे चालतं का अकराव्या कलमात?”

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. “झेंड्यासमोर मोठ्याने व्हावं, एवढंच लिहिलंय. कुणी करावं ते लिहिलेलं नाही.” मग ते थोडे पुढे वाकले. “आणि एक सांगतो. ते तळ्याचं मीही वाचलं होतं. तक्रार कोणत्या कलमाखाली करावी, ते सापडलं नाही म्हणून राहिलं.”

धाकटी घरी जाऊन नवा शर्ट घालून आली आणि तशीच दहाच्या फेरीला बस घेऊन गेली. विभागप्रमुख म्हणून तिची पहिली सूचना पुढच्या अंकासाठी त्याच दिवशी माझ्याकडे आली. रद्दीच्या गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘रद्दी’ असे लिहावे, संपादकांनीसुद्धा. मी ती तिसऱ्या पानावर तळाशी छापली आहे.