दोन खोल्यांचा इराण

“राष्ट्रं रणांगणावर हरत नाहीत. ती पाहुणचारात हरतात,” असं सदानंदराव गोगट्यांनी जाहीर केलं आणि वाक्य खोलीभर नीट पसरावं म्हणून ते डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

“बाबा,” विभा म्हणाली, “सपाता.”

सदानंदरावांनी डोळे उघडून खाली पाहिलं. संडासातल्या निळ्या प्लास्टिकच्या सपाता घालून ते तातामीच्या स्वच्छ चटयांवर मधोमध उभे होते. जपानात संडासाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या संडासातच राहतात, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नियम त्यांना मान्यही होता. अडचण एवढीच होती, की त्यांना विचार सुचायची जागा आणि सपाता काढायची जागा एकच होती. विचार घाईनं बाहेर पडे आणि सपाताही त्याच्यामागोमाग निघत. दोन्ही सपातांवर ठळक अक्षरांत ‘टॉयलेट’ असं छापलेलं होतं, म्हणजे परदेशी माणसाच्याही मनात शंका राहू नये.

ते निमूट परत गेले आणि मोज्यांवर आले. पण वाक्य गेलं ते गेलंच.

सदानंदराव पुण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. इराणच्या स्वातंत्र्यलढ्यावर ते एक पुस्तक लिहीत होते. विभा शाळेत होती तेव्हा ते सुरू झालं. पुढे विभा शिकली, जपानला आली, तिचं लग्न झालं, आता तिची मिताली, म्हणजे मितू, रांगायला लागली, आणि पुस्तक १९०७ सालात अडकून बसलं होतं. त्या वर्षी इंग्लंड आणि रशिया या दोघांनी इराण आपापसांत वाटून घेतला. उत्तरेचा भाग रशियाचा, आग्नेयेचा इंग्लंडचा, आणि मधला पट्टा तटस्थ. इराणला हे कळवलं ते सह्या झाल्यावर. या प्रकरणाशी आले, की सदानंदरावांचं अक्षर संतापानं इतकं बिघडे, की ते त्यांनाही वाचता येत नसे.

म्हणून ते पुस्तक घेऊन तीन महिने उरायासुला मुलीकडे आले होते. बायकोचा दुखरा गुडघा पुण्याला राहिला होता आणि गुडघ्याबरोबर बायको. पण त्याच सुमाराला नाशिकहून जावयाच्या आई, शैलजाबाई, याही येऊन पोचल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या हजेरीत भिंतीसुद्धा ताठ उभ्या राहत.

फ्लॅट दोन खोल्यांचा. एका खोलीत मितूचा पाळणा होता. ती खोली आणि लागून असलेलं स्वयंपाकघर शैलजाबाईंच्या ताब्यात गेलं. तातामीची खोली, त्यातलं बुटकं टेबल आणि बाहेरची बाल्कनी सदानंदरावांकडे आली. मधल्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर विभा आणि तिचा नवरा प्रसन्न झोपत. प्रसन्न आयटीत होता आणि स्वभावानंच तटस्थ प्रदेश होता. दिवसभर ऑफिसात जपानी साहेबाला आणि पुण्याच्या मॅनेजरला एकाच वेळी हो म्हणून म्हणून त्याची मान कायमची थोडी पुढे कलली होती.

या व्यवस्थेत सदानंदरावांना काही ओळखीचं वाटलं नाही. विद्वान माणसाला नकाशा लागतो.

विभा मातीवर संशोधन करत होती. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपात उरायासुची जमीन ताकासारखी पातळ झाली होती. मॅनहोलं रस्त्यातून कमरेएवढी वर आली, विजेचे खांब वाकून नमस्कार करायला लागले. असं का झालं, हा तिचा विषय. एप्रिलमध्ये रजा संपत होती आणि मितूला होइकुएनमध्ये, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, जागा मिळाली होती. जागा मिळाली हे ऐकून शेजारची बाई विभापुढे इतकी वाकली होती, की विभानं घाबरून तिला धरलं. ही जागा सोडली तर पुढच्या वर्षापर्यंत दुसरी नाही, आणि लॅब तोवर थांबणार नाही.

आणि इथे, आल्यापासून मिठावरूनसुद्धा एकमत न झालेल्या दोन सत्तांचं पहिल्यांदा एकमत झालं.

“एवढंसं पोर परक्यांच्या हाती द्यायचं?” काल शैलजाबाई बाल्कनीत म्हणाल्या होत्या. समोर कपडे वाळत होते आणि कपड्यांमागे समुद्र वाळत असल्यासारखा पसरला होता.

“मलाही तेच म्हणायचंय, विहीणबाई.”

“मी नेते नाशिकला. दिवाळीपर्यंत.”

“आणि दिवाळीनंतर पुण्याला. समान वाटणी.”

“तुमच्याकडे गुडघा आहे.”

“गुडघा तोवर बरा होईल.”

“मुलांना सांगायचं कधी?”

“उद्या संध्याकाळी. दोघंही घरी आहेत,” सदानंदराव म्हणाले. “आधी ठरवून मग सांगावं. एकदम विचारलं, की मुलं बावचळतात.”

असं म्हणून त्यांनी बाल्कनीचं दार ओढलं. भूकंपापासून ते दार पुरतं लागत नसे. बोटभर फट राहायची.

आज जपानच्या राष्ट्रस्थापनेची सुट्टी होती. जेवणं झाली. विभा मितूला घेऊन बागेत गेली, प्रसन्न दिवाणखान्यात टीव्ही आवाज बंद करून बघत बसला, शैलजाबाईंनी संध्याकाळच्या मसालेभाताची तयारी काढली. सदानंदरावांनी कोतात्सूत पाय घातले. कोतात्सू म्हणजे आतून गरम होणारं, वरून रजई पांघरलेलं बुटकं टेबल. त्यात शिरलेल्या माणसाला जग मान्य असतं. कागदी सरकत्या दारातून फेब्रुवारीचं ऊन गाळून येत होतं आणि त्यावर हळूहळू साय धरत होती. समोर १९०७ सालाचा कोरा कागद होता. सदानंदराव त्याच्याकडे बघता बघता त्याच्यात उतरले.

आत बर्फ पडत होतं. आवाज न करता, सवडीनं. चिनारांच्या रांगा होत्या आणि त्यांच्याखाली हजारो माणसं बसली होती: व्यापारी, मौलवी, चांभार, विद्यार्थी. ही जागा सदानंदरावांच्या चांगल्या परिचयाची होती. राज्यघटना मागायला तेहरानचे लोक दुकानं बंद करून इंग्रज वकिलातीच्या बागेत बसले होते, ते हे १९०६ साल. तेव्हा उन्हाळा होता हे त्यांना ठाऊक होतं, पण बर्फाला कोण सांगणार. मोठमोठ्या कढयांत भात शिजत होता. वाफ झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाऊन तिथे पक्ष्यांसारखी बसत होती. भाताला गोड्या मसाल्याचा वास येत होता. इराणच्या क्रांतीत गोडा मसाला कसा आला, याला तळटीप द्यावी लागेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

ते चालू लागले. पायाखालची जमीन हळूहळू पातळ झाली आणि त्यांना अलगद पुढे वाहून नेऊ लागली. काठावरून वर्षं सरकत होती. १९०७ आलं तसं त्यांनी तोंड फिरवलं. मग एक उंच दार आलं. दाराबाहेर शेकडो जोडे टाचा आत, टोकं बाहेर, असे जपानी शिस्तीत लावून ठेवले होते.

आत मजलिस भरली होती, इराणची संसद. साल १९११. सभासद गालिच्यांवर मोज्यांनी बसले होते आणि कोणीतरी रशियाचा निर्वाणीचा खलिता वाचत होतं. तुम्ही तुमच्या खजिन्यावर परदेशाहून माणूस आणून बसवलात, त्याला काढा. यापुढे आम्हा दोघांना विचारल्याशिवाय बाहेरचं माणूस ठेवायचं नाही. आणि तुम्हाला समजावण्यासाठी आम्हाला फौज आणावी लागली, तिचा खर्चही तुम्हीच द्या.

हे शेवटचं कलम सदानंदराव वर्गात नेहमी दोनदा वाचून दाखवत, मुलं हसत. आज मात्र त्यांना उगाचच आठवलं, की आपलं विमानाचं तिकीट विभानं काढलं होतं.

सभासद एकेक करून उठले. “नाही,” म्हणाले आणि बसले. म्हातारे, तरुण, पगडीवाले. प्रत्येक ‘नाही’ छतापर्यंत जाऊन बर्फासारखा सावकाश खाली येत होता. आयुष्यभर ज्या खोलीत त्यांना शिरायचं होतं, ती हीच. तेही ‘नाही’ म्हणायला उठले.

दारवान आला. कोपऱ्यावरच्या कोंबिनीतला, म्हणजे दिवसरात्र उघड्या दुकानातला, पोऱ्या उरलेले सुटे दोन्ही हातांनी देताना वाकतो, तसा वाकला.

“आपली जागा तिकडे आहे, सर.”

तिकडे शेगडीजवळ दोन उंच खुर्च्या होत्या. एकीवर शैलजाबाई बसल्या होत्या. नऊवारी आणि वर पिसाची इंग्रजी टोपी. त्यांच्या मांडीवर नकाशा होता. नीट पाहिलं तर ते मितूचं प्राण्यांच्या चित्रांचं दुपटं होतं, आणि त्या त्यावर निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढत होत्या.

“या व्याही, उशीर केलात,” त्या म्हणाल्या. “हत्ती तुमचे, बदकं माझी. मधला ससा तटस्थ.”

“काहीतरी चूक होतेय,” सदानंदराव दारवानाला म्हणाले. “मी इराणच्या बाजूचा आहे. आयुष्यभर त्यावरच लिहितोय.”

दारवानानं आदरानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. “सभासद बूट काढून येतात, सर.”

त्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे रशियन बूट होते. मागे काटेरी चाकं, आणि पुढे दोन्ही चवड्यांवर ठळक अक्षरांत ‘टॉयलेट’.

इतक्यात दारातून बायका आत आल्या. शंभर, दोनशे, तीनशे. पायघोळ बुरख्यांत, सावल्यांची भरती यावी तशा. सदानंदरावांना माहीत होतं. सभासदांनी कच खाऊ नये म्हणून त्या दिवशी बायका मजलिसीत शिरल्या होत्या आणि बुरख्याखाली कित्येकींकडे पिस्तुलं होती. पुढच्या बाईनं तोंडावरचा पडदा वर केला. ती विभा होती. बुरख्यातून तिचा हात बाहेर आला. हातात थर्मामीटर होता.

“यांना कोणी बोलावलं?” तिनं विचारलं.

“मदतीला आलेत, बाई,” दारवान म्हणाला.

“मदत झाली, की जातात ना?”

दारवानानं हातातली वही चाळली. “इतिहासात तशी नोंद नाही,” तो म्हणाला.

सदानंदरावांना तिला पुढचं सांगायचं होतं. मजलिस ‘नाही’ म्हणाली खरी, पण महिन्याभरात तिला टाळं लागलं, पोरी. ‘नाही’ म्हणणं पुरत नाही. पण शब्दांना बर्फ लागलं होतं. ते बूट ओढत बसले, बूट निघेनात. झुंबर हलायला लागलं. मग गालिचे, मग चिनार, मग सगळं तेहरान.

“तीन तीव्रतेचा असेल,” विभाचा आवाज आला.

सदानंदरावांनी डोळे उघडले. दिवा वर झोके घेत होता. विभा घराचं दार उघडं धरून, मितूला कडेवर घेऊन शांत उभी होती. बागेतून आत्ताच आलेली, दोघींची नाकं लाल. प्रसन्न टीव्हीला मिठी मारून उभा होता. शैलजाबाई डाव घेऊन जेवणाच्या टेबलाखाली होत्या.

“बाबांनी बरोब्बर जागा पकडली,” प्रसन्न म्हणाला. सदानंदराव गळ्यापर्यंत कोतात्सूखाली होते.

दिवा थांबला. बाहेर नगरपालिकेच्या भोंग्यानं संध्याकाळचं गाणं वाजवलं, मुलांनी घरी जावं म्हणून. शैलजाबाई टेबलाखालून बाहेर आल्या, पदर झटकला, आणि म्हणाल्या, “व्याही, संध्याकाळ झाली. सांगा आता.”

सदानंदराव उठले. आधी पायांकडे पाहिलं. मोजे. मग त्यांना धीर आला.

“आजपासून,” ते म्हणाले, “मी माझे सर्व हक्क सोडतो आहे.”

“कुठले?” प्रसन्ननं विचारलं.

“मितूवरचे. दिवाळीनंतरचे. काल आम्ही दोघांनी बाल्कनीत जे ठरवलं, ते मी एकतर्फी रद्द करतो. तिला कुठेही न्यायचं नाही. विभा, तू स्वतंत्र आहेस.”

“अहो, काल तर तुम्हीच म्हणालात समान वाटणी,” शैलजाबाई म्हणाल्या. “एका झोपेत फिरलात?”

“आई,” प्रसन्न म्हणाला, “वाटणी कसली?”

विभानं मितूचं जाकीट काढलं आणि तिला खाली सोडलं. मितू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून निघाली, तटस्थ प्रदेश ओलांडून तातामीवर आली आणि कोतात्सूच्या रजईचं टोक चघळायला लागली. वाटणीचं तिला कोणी कळवलं नव्हतं.

“होइकुएनला मी शुक्रवारीच हो कळवलंय,” विभा म्हणाली. “एप्रिलपासून मितू तिथे आणि मी लॅबमध्ये.”

“शुक्रवारी?” शैलजाबाई म्हणाल्या. “आणि आम्हाला सांगावंसं नाही वाटलं?”

“सांगणारच होते, आई. पण आधी ठरवून मग सांगावं. एकदम विचारलं, की मोठी माणसं बावचळतात.”

सदानंदरावांनी बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं. बोटभर फट होती. संध्याकाळचं वारं तिच्यातून हलक्या आवाजात ये-जा करत होतं, वर्षानुवर्षं निरोप पोचवत असल्यासारखं.

शैलजाबाईंनी पदर खोचला. मग “परक्यांकडे द्यायचीच असेल तर निदान वरणभात खायला शिकवून पाठवते,” असं म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. हेही एक कलमच होतं, पण त्याला कोणी हरकत घेतली नाही.

आपण जे स्वातंत्र्य बहाल करायला उठलो, ते शुक्रवारपासूनच चालू आहे, हे सदानंदरावांच्या सावकाश लक्षात आलं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी पायांतलं काहीतरी जड निघाल्यासारखं वाटलं. पण उठून उभं राहिलेल्या प्राध्यापकाला असं मधेच बसता येत नाही.

“विभा,” ते म्हणाले, “रशियानंही १९२१ साली इराणातले सगळे हक्क सोडले. कॅस्पियनची मासेमारी तेवढी त्याला सोडवेना.”

“मग?”

“संध्याकाळची मितूची आंघोळ. मी परत जाईपर्यंत. तेवढी मासेमारी माझ्याकडे ठेवशील?”

स्वयंपाकघरातला डाव थांबला. टबात पाण्याची वाफ, वाफेत मितूचे गुलाबी पाय, आणि तिला धरलेले आपले दोन हात, असं सगळं सदानंदरावांना दिसायलाही लागलं. विभानं वेळ घेतला. आपल्या पायांवर उभ्या असलेल्या देशानं घ्यावा तितका घेतला.

“बघते,” ती म्हणाली. “तोवर एक कराल का, बाबा? उद्या जळणारा कचरा उचलायचा वार आहे. सकाळी ती डायपरची पिशवी खाली नेऊन ठेवा. आणि वरून जाळी नीट ओढा, नाहीतर कावळे फोडतात.”