गुंडीच्या पंजातली माती

मित्रांनो, मी एक जुने स्टीलचे टेबल आहे. सध्या माझ्या पाठीवर पुदिन्याच्या कुंड्या असतात, पोटाखाली रबरी नळीचे वेटोळे असते आणि त्या वेटोळ्यात एक तपकिरी कुत्री झोपलेली असते. तिचे नाव गुंडी. झोपेत ती पाय झाडते तेव्हा माझ्या पायावर टकटक वाजते. आमची पहिली भेट झाली तेव्हा ती माझ्या पाठीवर उभी होती आणि लटलट कापत होती.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. कारागिराने माझे चार पाय कापले, पण घाईत एक पाय नखभर आखूड कापला. त्यामुळे मी जन्माचाच डुगडुगता. जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला आपल्या दवाखान्यासाठी विकत घेतले. पहिल्याच दिवशी बाईंनी एक मांजर माझ्यावर ठेवले, मी डुगडुगलो आणि मांजर थेट बाईंच्या डोक्यावर जाऊन बसले. बाईंनी लसीचे एक रिकामे खोके दुमडून माझ्या आखूड पायाखाली सरकवले. खोके चेपले की त्या नवे घालत.

थंड स्टीलवर पिल्लू ठेवायचे नाही, असा बाईंचा नियम होता. आधी त्या आपला तळहात माझ्यावर टेकून ठेवत, मग जुना टॉवेल पसरत आणि मगच पिल्लू उचलून घेत. वर्षानुवर्षे मी तेवढी ऊब जपून ठेवली आहे. लोक जाताना बाईंचे आभार मानत. माझे आभार कोण मानणार? पण एकदा एका लहानग्याने माझ्या पत्र्यात स्वतःचे तोंड पाहून मला जीभ दाखवली होती. तेही मला पुष्कळ वाटले.

एकदा एक आजोबा आणि त्यांची नात एक पिल्लू घेऊन आले. त्याचे नाव चेंडू. आजोबांची रोपवाटिका होती आणि घर तिच्याच वर, जिना चढून. बाईंनी चेंडूला पहिली लस टोचली आणि बजावले, "तीन-चार आठवड्यांनी परत आणा. एका सुईने भागत नाही." आजोबांनी मान हलवली. पण चेंडू टणाटण उड्या मारत होता, रोपांना गिऱ्हाईक भरपूर होते, आणि एकदा टोचून आणले म्हणजे काम झाले, असे घरात सगळ्यांनाच वाटले. चेंडू वाफ्यांमधून बागडू लागला.

तो परत आला तो नातीच्या स्वेटरात गुंडाळलेला. उलट्या, रक्ताचे जुलाब. त्याला पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आतड्यांचा रोग, झाला होता. माझ्यावर ठेवले तर तो कापतसुद्धा नव्हता. कापणारे पिल्लू मला आवडते, मित्रांनो, कारण त्याच्या अंगात भ्यायचे तरी बळ असते. बाईंनी दोन दिवस शर्थ केली. चेंडू वाचला नाही. नात स्वेटर न घेताच घरी गेली.

बरेच महिने उलटले. मग एका सकाळी तीच नात दारातून आली. या वेळी तिच्या हातात गुंडी होती. मागून आजोबा आले, जरा अंग चोरून.

"डॉक्टरमावशी," नात म्हणाली, "जेवढ्या लसी आहेत तेवढ्या सगळ्या द्या हिला. आजच्या आज."

"सगळ्या म्हणजे?"

"फ्रीजमधल्या सगळ्या."

"त्यात मांजरांच्या आहेत गं. एक गाईचीपण आहे. हिला दूध द्यायला लावायचं आहे का?"

आजोबा हसले. नात हसली नाही. तेव्हा बाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि तिला समजेल असे सांगू लागल्या.

"हे बघ, पिल्लाच्या अंगात आईच्या दुधातून आलेली ताकद असते. ती रोगाला हाकलते, पण आमच्या लसीलाही हाकलते. ती कधी ओसरेल, ते नेमकं कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तीच लस काही आठवड्यांनी पुन्हा द्यायची, मग आणखी एकदा. नाहीतर आईची ताकद संपलेली आणि लसीची अजून आलेली नाही, अशी मधे फट राहते."

"चेंडू त्या फटीत गेला ना?" नातीने विचारले.

"हो," बाई म्हणाल्या. त्या मुलांशी खोटे बोलत नसत.

मग त्यांनी गुंडीच्या कानामागे खाजवत एकेका लसीचे सांगितले. पार्वो आणि डिस्टेंपरची लस प्रत्येक पिल्लाला हवीच. रेबीजची लस, पिल्लू तीन महिन्यांचे झाले की द्यायची, आणि तिला माफी नाही, कारण ती घरातल्या माणसांनाही वाचवते. खोकल्याची लस, पिल्लाला इतर कुत्र्यांबरोबर कुठे ठेवायचे असेल तर.

"राहिला लेप्टो. तो उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरतो. त्याची लस द्यायची का, ते ही कुठे वावरते त्यावर ठरेल. कुठे असते दिवसभर?"

"वर," नात ठामपणे म्हणाली. "फक्त वर. जिन्याला मी फळी लावली आहे. शेवटची सुई होईपर्यंत हिचा पाय खाली लागणार नाही. आबांनी शब्द दिलाय."

"मग लेप्टो तूर्त नको. बरोबर ना आजोबा?"

आजोबा छताकडे बघत म्हणाले, "आमच्या या छोट्या बाईसाहेबांचा हुकूमच आहे तसा."

मित्रांनो, हे काही उत्तर नव्हे. आणि मला खरे ठाऊक होते. गुंडीचा पुढचा एक पंजा टॉवेलच्या बाहेर, थेट माझ्यावर टेकला होता. त्याच्या बोटांच्या बेचक्यात ओली, खरखरीत माती होती. वरच्या खोलीत अशी माती कुठून येणार? पण टेबलाला बोलता येत नाही. मला फक्त डुगडुगता येते. त्या सकाळी फरशी पुसताना माझ्या पायाखालच्या खोक्याचा भिजून लगदा झाला होता. गुंडीने अंग हलवले मात्र, मी डुगडुगलो. ती घाबरली, बोटे फाकवून तिने मला घट्ट धरायला पाहिले, आणि बाईंनी सावरायला तिचा पंजा हातात घेतला.

बाईंनी बोटांमधली माती अंगठ्याने काढली आणि हुंगली. "खत घातलेली आहे ही. वर कुंड्या आहेत का?"

"नाही," नात म्हणाली. मग तिने सावकाश मान वळवली. "आबा?"

आजोबांनी चष्मा काढला. "पहाटे रडते गं ती. तू झोपलेली असतेस. मला ऐकवत नाही. मग खिशात घालून नेतो खाली, रोपांना पाणी घालताना. खिशातच असते."

"खिशात माती कुठून आली?"

"एकदोनदा ठेवलं खाली. नळापाशी."

"चेंडूपण नळापाशीच खेळायचा."

"म्हणून तर सांगवत नव्हतं," आजोबा म्हणाले, आणि पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसू लागले.

नात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटले, आता बाई आजोबांना फैलावर घेणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं कळलं. पार्वो मातीत वर्षभरसुद्धा दबा धरून बसतो. आता मला ही कुठे उतरली ते माहीत आहे. उंदीर आहेत का खाली?"

"बियांच्या पोत्यांत आहेत. मांजर ठेवलं होतं, तर त्यानं त्यांच्याशी संगनमतच केलं."

"मग लेप्टोची लसही आजच सुरू करू. ती पुढच्या खेपेलाही द्यावी लागेल. नळापाशी पाणी साचू देऊ नका, बिया डब्यांत भरा. दोन आठवडे हिच्यावर डोळा ठेवा. हिनं खाणं सोडलं, उलटी झाली, की वाट न बघता इकडे या."

"आणि रडली तर?" नातीने भिंतीकडे बघतच विचारले.

"तर आबांचा खिसा. खिशाला काही धोका नाही. जमिनीला आहे."

नात वळली. तिने गुंडीचे डोके धरले. गुंडी आजोबांचा अंगठा चाटण्यात इतकी दंग होती की सुई कधी आली आणि गेली, ते तिला कळलेही नाही.

त्यानंतरचे दिवस मी दाराकडे कान लावून काढले. दार वाजले की वाटे, स्वेटर तर नाही ना? रोज कोणी ना कोणी येई, कुबड्या बोक्यापासून मस्तवाल पोपटापर्यंत, पण ते दोघे येत नव्हते. न येणे हीच चांगली बातमी असते, हे मला तेव्हा उमगले.

अखेर ठरल्या दिवशी ते आले. आजोबांच्या कोटाला समोर गोणपाटाचा भलामोठा नवा खिसा होता, वेड्यावाकड्या टाक्यांचा. त्यातून दोन कान डोकावत होते.

"खिसा मी शिवला," नात बाईंना म्हणाली.

"शिवला कसला, माझा कांगारू केलाय," आजोबा म्हणाले. या वेळी नातही हसली.

गुंडीला माझ्यावर ठेवले. ती चांगलीच जड झाली होती. आणि कापत होती, अगदी लटलट. मला फार फार बरे वाटले.

शेवटची सुई झाली आणि बाईंनी परवानगी दिली, तेव्हा नातीने स्वतः जिन्याची फळी काढली आणि गुंडीला वाफ्यांत सोडले. हे मी पाहिले नाही, वर्षाच्या लसीला ते आले तेव्हा मागच्या खिडकीतून ऐकले. तोवर दवाखान्यात खालीवर होणारे नवे टेबल आले होते आणि मी मागच्या अंगणात गंजत पडलो होतो. माझ्यावर कोणी तळहात टेकत नव्हते. आजोबांनी मला पाहिले, बाईंना विचारले आणि हातगाडीवर घालून रोपवाटिकेत आणले. गंज खरवडून त्यांनी मला रंग दिला.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू येईल तेव्हा त्याला माझ्यासारख्या एखाद्या टेबलावर जरूर न्या. एका सुईवर थांबू नका. कोणती लस हवी ते डॉक्टर ठरवतील, पण पिल्लू कुठे झोपते, कुठे पाणी पिते, कोण त्याला गुपचूप खाली नेते, हे त्यांना तुम्हीच सांगायचे आहे. लाजू नका. माया करताना चुकलेल्याला कोणी चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणले त्या दिवशी आजोबा माझ्या आखूड पायाखाली फरशीचा तुकडा सरकवायला वाकले होते. नातीने त्यांचा हात धरला.

"राहू दे आबा," ती म्हणाली. "डुगडुगू दे त्याला."

आता खाली गुंडी कूस बदलते, मी डुगडुगतो आणि पुदिन्याचा वास सगळ्या रोपवाटिकेत पसरतो.