उताणा ट्रक

शिंपीणबाईंचा आनंद पोटात मावत नव्हता. त्यांच्या रिमोटच्या ट्रकसाठी एका माणसाकडून वापरलेला ब्रशलेस कंट्रोलर अखेर विकत मिळाला होता. मोटरचा वेग सांभाळणारी ती डबी बसवून त्यांनी ट्रक शिलाईमशीनशेजारी उताणा ठेवला आणि रिमोटचा खटका हळूच ओढला. चाकांची वरची कड पुढे धावू लागली.

"अहो, बघा तरी! पुढेच फिरतायत!"

लगेच ट्रक सुलटा होऊन जमिनीवर आला आणि बाईंनी खटका पूर्ण ओढला. ट्रक सुसाट सुटला, पण मागे! तो थेट नवऱ्याच्या घोट्यावर आदळला.

"मेल्यानं बिघडलेला माल गळ्यात मारला!" बाईंचा पारा चढला. "थांबा, फोनवरच त्याची खरडपट्टी काढते!"

"अगं, तपासताना ट्रक उताणा होता," नवरा घोटा चोळत म्हणाला. "तेव्हा वर दिसणारी कड आता जमिनीला टेकलीय. ती पुढे फिरली, की ट्रक मागेच जाणार. बाही उलटी लागली तर तू मशीनला शिव्या देतेस का?"

मोटर उलटी फिरावी म्हणून बाईंनी तिच्या तीन वायरींपैकी दोन आपसात बदलल्या आणि खटका ओढला. ट्रक बाणासारखा पुढे सुटला, दारातून थेट अंगणात!

"बघितलंत? किती सज्जन माणूस!" ट्रकमागे धावता धावता बाई ओरडल्या. "फोन लावा त्याला! म्हणावं, आणखी एक असेल तर आमच्यासाठी ठेवा!"

नवऱ्याने मुकाट्याने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मगच फोन लावला.